आठ शब्द, पाच मिनिटं: हॅम परवान्याच्या मोर्स परीक्षेचा अनुभव

हॅम रेडिओचा, म्हणजे छंद म्हणून वायरलेसवर संपर्क साधण्याचा, परवाना भारतात मोर्सशिवायही (आखूड-लांब सुरांच्या सांकेतिक लिपीशिवायही) मिळतो, हे आधीच सांगून टाकतो. रिस्ट्रिक्टेड ग्रेडला फक्त लेखी परीक्षा असते. जनरल ग्रेडला लेखीबरोबर मोर्स ऐकून उतरवून घेणं आणि मोर्स पाठवणं, दोन्ही द्यावं लागतं, मिनिटाला ८ शब्दांच्या वेगाने. २००३ च्या जागतिक रेडिओ परिषदेत मोर्सची सक्ती ज्या त्या देशाच्या मर्जीवर सोडली गेली. आपल्याकडे ती जनरल ग्रेडपुरती राहिली आणि पूर्वीचा १२ शब्दांचा वेग ८ वर आला. बदल्यात व्हीयू२ ने सुरू होणारं कॉल साइन, म्हणजे हवेवरची ओळख, मिळतं (रिस्ट्रिक्टेडला व्हीयू३) आणि ५० ऐवजी ४०० वॅटपर्यंत मुभा. मुंबईत सोसायटीत राहून कुणी ४०० वॅट सोडत नाही, तेव्हा तो मोह बाजूला ठेवा. मोर्स शिकायचं कारण वेगळं आहे. माणसाच्या आवाजाला अडीच-तीन किलोहर्ट्झ रुंदीची जागा लागते, मोर्सला दीड-दोनशे हर्ट्झही पुरतात. रिसीव्हरचा फिल्टर तेवढाच अरुंद केला की लिफ्टची मोटर, एलईडी दिवे आणि चार्जर यांचा बहुतेक कचरा बाहेर राहतो. ५ वॅटचा मोर्स जिथे ऐकू येतो तिथे ५ वॅटचं बोलणं बऱ्याचदा पोहोचतच नाही.

‘आधी रिस्ट्रिक्टेड घे, मोर्सचं नंतर बघू’ हा सल्ला सगळे देतात. माझं मत उलट आहे. लेखीचा अभ्यास जवळजवळ तोच, आणि नंतर बघायचं ठरवलेलं मोर्स सहसा नंतरही होत नाही.

२०२२ च्या गणपतीनंतर सुरुवात केली. सुरुवातीला एकच नियम कसोशीने पाळावा लागतो: टिंब-रेघांचा छापील तक्ता घरात आणायचाच नाही. तक्त्यावरून शिकलेला माणूस सूर ऐकतो, मनात टिंबं मोजतो, मग तक्ता डोळ्यांसमोर आणतो आणि मग अक्षर लिहितो. मिनिटाला ४-५ शब्दांपर्यंत हे खपतं, पुढे डोकं मागे पडतं आणि तिथून वेग वाढतच नाही. तबल्यातलं ‘तिरकिट’ ऐकताना आपण चार आघात मोजत नाही, एक बोल ऐकतो. मोर्सचं अक्षर तसंच कानात बसायला हवं. म्हणून टिंब-रेघ हे शब्दही सोडून द्यावेत आणि ‘डि’ आणि ‘डा’ म्हणावं. ‘के’ म्हणजे डा-डि-डा, ‘एम’ म्हणजे डा-डा.

यासाठी कॉख पद्धत धरली. पहिल्या दिवशी फक्त के आणि एम, पण पूर्ण वेगाने. शंभरात नव्वद बरोबर येऊ लागली की तिसरं अक्षर. एलसीडब्ल्यूओ या मोफत संकेतस्थळावर याचे चाळीस धडे ओळीने लावलेले आहेत, तेवढे पुरतात. जोडीला फार्न्सवर्थ अंतर: प्रत्येक अक्षर १५ शब्दांच्या वेगाने वाजवायचं, पण अक्षरांमधली मोकळी जागा ताणून एकूण वेग ८ वर आणायचा. यामागचं गणित छोटं आहे. वेग मोजायला ‘पॅरिस’ हा शब्द प्रमाण धरतात. शेवटच्या मोकळ्या जागेसकट तो बरोबर ५० मात्रांचा भरतो. डि १ मात्रा, डा ३, अक्षराच्या आतलं अंतर १, दोन अक्षरांमधलं ३ आणि दोन शब्दांमधलं ७. मिनिटाला ८ शब्द म्हणजे ४०० मात्रा, म्हणजे एक डि १५० मिलिसेकंदांचा. १५ शब्दांच्या वेगाला तोच डि ८० मिलिसेकंदांचा होतो. दीडशे मिलिसेकंदांत मन मोजायला लागतं, ऐंशीत मोजता येत नाही, म्हणूनच अक्षर वेगात ऐकायचं. परीक्षेत मात्र अक्षरंही संथ वाजू शकतात, आणि वेगाची सवय झालेला कान संथ ‘क्यू’ ऐकून मध्येच ‘एम’ लिहून मोकळा होतो. शेवटचे तीन-चार आठवडे दोन्ही प्रकार ऐकावेत.

रोज वीस मिनिटं दोनदा, यापेक्षा जास्त नाही. तासभर बसलं की शेवटच्या भागात चुका वाढतात आणि त्या चुकाच पक्क्या होतात. वीसेक अक्षरांनंतर प्रगती थांबल्यासारखी वाटते. या टप्प्यावर वैताग येतो, रोज तेच ते, आणि बहुतेक जण इथेच सोडतात. अशा वेळी नवीन अक्षर घेणं थांबवून फक्त घोटाळ्याच्या जोड्या ऐकाव्यात. एल आणि एफ, क्यू आणि वाय, पी आणि एक्स, बी आणि ६, व्ही आणि ४. सगळ्यात वाईट एच आणि ५: चार डि की पाच, हे मोजून कळत नाही, लांबीचा अंदाजच यावा लागतो. लोकलमध्ये सराव करायचा तर सूर ६००-७०० हर्ट्झच्या आसपास ठेवावा. दाराजवळ उभं राहून ऐकलेलं निम्मं वाया जातं, पण जे उरतं ते गोंगाटातून सूर वेगळा काढायला शिकवतं, आणि पुढे बँडवर, म्हणजे हॅमसाठी राखलेल्या फ्रिक्वेन्सींवर, नेमकं तेच करायचं असतं.

जाता जाता, जुन्या तारऑफिसातल्या साउंडरमध्ये हा सूर नसायचाच. २०१३ च्या जुलैत आपली तारसेवा बंद झाली, पण साउंडरवर काम केलेली माणसं अजून भेटतात. त्यांना नुसती टकटक ऐकू यायची आणि दोन टकटकींमधल्या वेळेवरून डि की डा ते ओळखायचे. त्यांच्यासमोर आपल्या हेडफोनातला सूर म्हणजे चैनच.

ऐकणं जरा बसल्यावर पाठवण्याचा सराव सुरू करायचा, आधी नाही. कानाला अंतर कळत नसेल तर हात ते देऊ शकत नाही. त्यासाठी ऑसिलेटर, म्हणजे सूर काढणारं छोटं सर्किट, लागतो. तयार मिळतो, पण ५५५ आयसीवर संध्याकाळभरात होतो. ग्रँट रोड स्टेशनला उतरून लॅमिंग्टन रोडला जायचं, रविवार सोडून, कारण त्या दिवशी बहुतेक दुकानं बंद असतात. यादी: ५५५ आणि त्याचा आठ पायांचा सॉकेट, १० किलोओहम, १०० किलोओहम आणि १०० ओहमचा एकेक रेझिस्टर, ०.०१ मायक्रोफॅरडचे दोन सिरॅमिक कपॅसिटर, १० मायक्रोफॅरडचा एक इलेक्ट्रोलिटिक, ८ ओहमचा छोटा स्पीकर, ९ व्होल्टची बॅटरी आणि तिची क्लिप, व्हेरोबोर्डचा तुकडा. सगळं मिळून दोनशेच्या आत बसलं. एकच रेझिस्टर मागितला तर काही काउंटरवर कपाळाला आठ्या पडतात, दहा-दहाची पट्टी घ्यावी.

जोडणी अशी. पाय ४ आणि ८ एकत्र, बॅटरीच्या धनाकडे. पाय १ ऋणाला. ८ आणि ७ मध्ये १० किलोओहम, ७ आणि ६ मध्ये १०० किलोओहम, ६ आणि २ एकमेकांना जोडलेले, आणि २ पासून ऋणापर्यंत ०.०१ चा कपॅसिटर. दुसरा ०.०१ पाय ५ पासून ऋणाला. पाय ३ मधून १० मायक्रोफॅरड, त्याला सलग १०० ओहम, मग स्पीकर. सूर साधारण ६८५ हर्ट्झचा निघतो, १०० किलोओहमच्या जागी पोटेंशिओमीटर लावला तर हवा तसा बदलता येतो. मोर्स-की (दाबून मोर्स पाठवायचा दांडा) बॅटरीच्या धन तारेत घालायची, म्हणजे दाबली की अख्ख्या सर्किटला वीज मिळते. इथे एक गोष्ट हमखास बिघडते. सवयीने कुणी तरी आयसीच्या वीजपुरवठ्यावर मोठा इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर लावतं. मग बोट उचललं तरी कपॅसिटरात साठलेल्या विजेवर आयसी क्षणभर चालत राहतो, सुराला शेपूट येते आणि प्रत्येक डि फुगतो. तो काढून टाकला की सूर कापल्यासारखा थांबतो. हेडफोन लावायचा असेल तर १०० ओहमऐवजी १ किलोओहम घाला, नाहीतर कान बधिर होतात.

मोर्स-कीसाठी चोर बाजारात जुना पितळी नग शोधणं हा वेगळा छंद आहे, परीक्षेसाठी त्याची गरज नाही. सुरुवातीला लाकडी पट्टीवर हॅकसॉ ब्लेडचा तुकडा आणि खाली पितळी स्क्रू एवढ्यावर हात बसतो. नंतर एक साधी स्ट्रेट की घ्यावी, कारण परीक्षेत तशीच पुढे येते. नियमांत ‘डबल करंट मोर्स की’ असा शब्द आहे, तो वाचून घाबरू नका, हाताच्या दृष्टीने ती वर-खाली होणारी मोर्स-कीच आहे. पॅडलवर शिकणाऱ्यांची मात्र पंचाईत होते, कारण पॅडलमध्ये डि-डाची लांबी यंत्र ठरवतं आणि हाताला ती कधीच कळत नाही.

स्ट्रेट की लावायची रीत: आधी दोन्ही बाजूंचे टेकू स्क्रू इतकेच घट्ट करायचे की दांडा डावी-उजवीकडे डुलणार नाही, पण वर-खाली अडणारही नाही. मग दोन संपर्कांमधली फट व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीएवढी. शेवटी स्प्रिंग. स्प्रिंग सैल असेल तर डि एकमेकांना चिकटतात आणि एचचा एस होतो. फार कडक असेल तर दोन मिनिटांत पंजा भरून येतो. संपर्कावर काळपट थर आला असेल तर सुरात खरखर येते. साधा कोरा कागद संपर्कांमध्ये दाबून ओढला की तो निघतो, पॉलिश पेपर लावायची गरज नाही. बसताना कोपर टेबलावर टेकलेलं, अंगठा आणि मधलं बोट मुठीच्या कडांना, तर्जनी वर. हालचाल मनगटातून. बोटांनी टकटक करणाऱ्यांचा हात तिसऱ्या मिनिटाला थकतो आणि परीक्षा पाच मिनिटांची असू शकते.

पाठवताना नापास करतात ती अंतरं. ‘द’ हा इंग्रजीतला सगळ्यात वारंवार येणारा शब्द घ्या: टी, एच, ई. टी म्हणजे एक डा, एच म्हणजे चार डि. दोघांमधली तीन मात्रांची फट घाईत एका मात्रेची झाली की डा-डि-डि-डि-डिट, म्हणजे ६. परीक्षकाच्या कागदावर ‘६ई’ उमटतं. तसंच ए आणि एन चिकटले की पी होतो, एन आणि ए चिकटले की एक्स. स्वतःला हे ऐकू येत नाही, कारण काय पाठवतोय ते आपल्याला आधीच माहीत असतं. उपाय साधा आहे: फोनवर रेकॉर्ड करा आणि दुसऱ्या दिवशी, मजकूर विसरल्यावर, स्वतःचंच उतरवून घ्या. मोर्स ओळखणारं अ‍ॅप असेल तर तेही समोर ठेवा. ते दयामाया दाखवत नाही.

२०२३ च्या जानेवारीत अर्ज केला. दूरसंचार विभागाच्या सरल संचार पोर्टलवर नोंदणी, मग एएसओसी (हॅम ऑपरेटरचं प्रमाणपत्र) परीक्षेचा अर्ज, ग्रेड आणि केंद्र निवडणं, फोटो, सही, जन्मतारखेचा आणि पत्त्याचा पुरावा. वयाची अट किमान १२ वर्षं, वरची मर्यादा नाही. परीक्षेची फी १०० रुपये होती, ती भारतकोश या सरकारी पेमेंट पोर्टलवरून जाते. पावतीची पीडीएफ लगेच उतरवून ठेवा. सगळ्या कागदांवर नाव एकाच स्पेलिंगने हवं. आधारवर वडिलांचं नाव मध्ये आणि पासपोर्टवर नाही, असं असेल तर अर्ज करण्याआधीच ते निस्तरा. फी आणि नियम बदलत असतात, तेव्हा चालू काय आहे ते पोर्टलवर बघूनच पुढे जा. मुंबईचं केंद्र म्हणजे बोरिवली पश्चिमेला गोराई रोडवरचं वायरलेस मॉनिटरिंग स्टेशन.

तारीख येईपर्यंत लेखीचा अभ्यास. पेपरचे दोन भाग: रेडिओचं तंत्र आणि नियम. जनरलला प्रत्येक भागात किमान ५० टक्के आणि एकूण ५५ टक्के लागतात. तांत्रिक भाग बारावीच्या फिजिक्सच्या आसपास फिरतो, त्यात अँटेना, फिल्टर, मॉड्युलेशन आणि आयनोस्फिअरची भर. इंजिनिअर मंडळी नियमांच्या भागात आपटतात, कारण ते पाठच करावं लागतं: क्यू-कोड (क्यूने सुरू होणारे तीन अक्षरी संक्षेप), बँडच्या हद्दी, लॉगबुकात काय लिहायचं, संकटाचे संदेश कसे हाताळायचे, हवेवर काय बोलायला मनाई आहे.

आता मोर्स परीक्षेचे बारकावे, कारण वेग जमूनही माणसं इथे पडतात. ऐकण्याच्या परीक्षेत हेडफोनवर सलग पाच मिनिटं मजकूर येतो, २०० अक्षरांचा. शब्द सरासरी पाच अक्षरांचा धरतात आणि प्रत्येक अंक किंवा विरामचिन्ह दोन अक्षरांचं. हे न्याय्यच आहे, अंकात नेहमी पाच आघात असतात आणि त्याला जवळजवळ तेवढाच वेळ लागतो. खऱ्या मजकुराआधी मिनिटभर सरावाचा तुकडा येतो. पाचपेक्षा जास्त चुका झाल्या की नापास, आणि दुसरी संधी त्या दिवशी नाही. पूर्णविराम, स्वल्पविराम, अर्धविराम, प्रश्नचिन्ह, हायफन आणि ब्रेकची (मजकुराचे भाग वेगळे करणारी) खूण, ही चिन्हं अभ्यासात सगळ्यात मागे राहतात. अर्धविराम डा-डि-डा-डि-डा-डिट आणि पूर्णविराम डि-डा-डि-डा-डि-डा: एकमेकांचे उलटे, त्यामुळे पहिला आघात हुकला की संपलं. ब्रेकमध्ये दोन डांच्या मध्ये तीन डि, हायफनमध्ये चार. ही दोन्ही रोजच्या सरावात पहिल्या महिन्यापासून घालावीत.

अक्षरावरही मार्क जातात. खराब अक्षर आणि गिरवागिरवी यावर उमेदवार बाद होऊ शकतो. चुकलं तर त्यावर काट मारून वर बरोबर अक्षर लिहायचं, तिथेच गिरवायचं नाही. इंग्रजी ओ आणि शून्य, आय आणि १, एस आणि ५, झेड आणि २, यू आणि व्ही लिहिताना वेगळे दिसलेच पाहिजेत. शून्याला तिरकी रेघ आणि झेडला आडवी रेघ द्यायची सवय आधीपासून लावा. पेन किंवा पेन्सिल दोन्ही चालतं; बॉलपेनचे दोन नग न्या.

सगळ्यात महत्त्वाचं, अक्षर सुटलं तर तिथे छोटी रेघ मारून पुढे जायचं. सुटलेलं आठवायला थांबलात की त्या दोन सेकंदांत पुढची दोन-तीन जातात. एक चूक परवडते, तिच्यामागे आलेल्या चार परवडत नाहीत. वाक्यावरून पुढचा शब्द ओळखायचाही मोह होतो. तोही नको, कारण मजकुरात अंक आणि आकड्यांचे गट मध्येच घुसतात.

परीक्षा एप्रिलमध्ये झाली. बोरिवली स्टेशनच्या पश्चिमेला उतरून गोराईकडे जाणारी बस किंवा रिक्षा मिळते. विरार फास्ट पकडायचा हट्ट धरू नका, उतरताना जीव मेटाकुटीला येतो आणि हात थरथरत राहतात. मूळ ओळखपत्र, अर्जाची आणि फीच्या पावतीची छापील प्रत, फोटो. सकाळी चहा कमी प्यावा, कॉफी नकोच. पाठवण्याच्या वेळी खुर्चीवर बसल्याबरोबर सुरुवात न करता आधी मोर्स-की हलक्या हाताने दाबून स्प्रिंग आणि फट जोखा, मग व्हीच्या दोन-चार माळा पाठवा. इथे पाचपेक्षा जास्त न सुधारलेल्या चुका झाल्या तर नापास. ‘न सुधारलेल्या’ हा शब्द लक्षात ठेवायचा: चूक कळली की सलग आठ डि पाठवायचे आणि तो शब्द पुन्हा नीट द्यायचा. वेगाने जायची गरजच नाही. आठला नऊ केल्याने जादा गुण नाहीत, आणि घाईत पहिला बळी अंतराचाच जातो. पोटात गोळा सगळ्यांच्याच येतो. पहिली ओळ गेली की तो सुटतो.

पास झाल्यावर परवान्याचा वेगळा अर्ज त्याच पोर्टलवर. वीस वर्षांसाठी १००० रुपये किंवा आजीवन २००० होते, पन्नाशीच्या आतल्या माणसाने आजीवनच घ्यावा. कॉल साइनसाठी पसंती देता येते. देताना मोर्समध्ये वाजवून बघा: शेवटी डिंनी भरलेली अक्षरं आली तर समोरच्याला कायम शंका राहते. पूर्ववृत्त पडताळणी होते, तेव्हा अर्जातल्या पत्त्यावर माणूस सापडायला हवा. भाड्याच्या घरात असाल तर नोंदणीकृत करारनामा हाताशी ठेवा. परवाना हातात आला तेव्हा दिवाळी होऊन गेली होती. या मधल्या काळात पाठवता येत नसलं तरी ऐकायला कुणी अडवत नाही, आणि ७.००० ते ७.०४० मेगाहर्ट्झवर रात्री भरपूर मोर्स असतो.

तोवर सोसायटीच्या कमिटीला गच्चीसाठी पत्र द्यावं. पत्रात ‘टॉवर’ हा शब्द चुकूनही नको. ‘छंदासाठी तांब्याची बारीक तार, सरकारी परवान्यासह’ एवढं पुरतं, मोबाईल टॉवरशी गल्लत झाली तर विषय सर्वसाधारण सभेपर्यंत जातो. ७ मेगाहर्ट्झच्या डायपोलला (मधून दोन्ही बाजूंना ताणलेल्या तारेच्या अँटेनाला) प्रत्येक बाजूला सुमारे १०.२ मीटर तार लागते. साडेदहा कापा आणि एसडब्ल्यूआर (अँटेना रेडिओशी किती जुळली ते सांगणारं माप) बघत थोडी थोडी कमी करा. टाकीच्या पाण्याच्या पाइपापासून आणि केबलवाल्यांच्या जुडग्यापासून लांब. कोअ‍ॅक्सचं (रेडिओपासून अँटेनापर्यंतच्या केबलचं) टोक उघडं राहिलं तर पहिल्याच पावसात पाणी आत उतरतं आणि केबलच फेकावी लागते, म्हणून जोडावर स्वतःला चिकटणारी रबरी टेप आणि त्याखाली थेंब गळायला एक वळसा.

बँडवर गेल्यावर परीक्षेतला सुबक मजकूर कुठेच नसतो. पूर्ण वाक्यं कुणी पाठवत नाही. ५९९ चा (सिग्नल उत्तम असल्याचा) रिपोर्ट ‘५एनएन’ असा येतो, कारण ९ च्या जागी एन आणि शून्याच्या जागी टी पाठवायची पद्धत आहे. पहिल्यांदा हे ऐकताना काही कळेनासं होतं. पहिल्या संभाषणासाठी नाव, गाव, रिपोर्ट आणि निरोप अशा चार ओळी कागदावर लिहून समोर ठेवाव्यात. समोरचा वेगात असेल तर बिनदिक्कत क्यूआरएस पाठवा, म्हणजे ‘हळू पाठव’. बहुतेक ऑपरेटर लगेच वेग उतरवतात. जे उतरवत नाहीत त्यांना ७३, म्हणजे निरोपाच्या शुभेच्छा, देऊन डायल पुढे फिरवायची.